तीन कागद आणि एक चप्पल

बेळगावच्या कोर्ट आवारात कन्नड कागदांचे मराठी आणि मराठी कागदांचे कन्नड करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. खरेदीखते, वाटणीपत्रे आणि भाडेकरार हा माझा रोजचा माल असला, तरी महिन्यातून एखादी यूडीआरची फाईल येतेच. अनैसर्गिक मृत्यूच्या नोंदीला आमच्याकडे पोलीस, वकील आणि आता मृतांचे नातेवाईकही यूडीआरच म्हणतात. हद्दीपलीकडे चंदगडला किंवा गडहिंग्लजला तीच नोंद 'अकस्मात मृत्यू' या नावाने होते. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात ही आमच्या भागातली नेहमीची गोष्ट असल्यामुळे, विम्यासाठी किंवा वारसासाठी एका राज्यातला मृत्यू दुसऱ्या राज्याच्या भाषेत नेऊन द्यावा लागतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक गृहस्थ अशा तीन मृत्यूंचे कागद एकाच पिशवीतून घेऊन आले. खानापूर तालुक्यातल्या एका गावातली चाळिशीची बाई विहिरीत सापडली होती, त्याच गावातला एक तरुण उसात कीटकनाशक पिऊन पडलेला मिळाला होता, आणि हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात एक म्हातारा पहाटे रस्त्याच्या कडेला मृत आढळला होता. तिघेही एकाच भाऊबंदकीतले आणि एकाच जमिनीच्या वाटणीत नाव असलेले. "काका, एकाच माणसाचं काम हाय बघा हे. तिन्ही अवसेला गेल्यात," असे म्हणून त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. तिन्ही कागद एका भाषेत आले की वकील पुढचे बघतील, अशी त्यांची समजूत होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

वेगवेगळ्या संशयास्पद मृत्यूंचा एकमेकांशी खरोखर संबंध आहे की नाही, हे तपास करणारे कसे ठरवतात, हा प्रश्न त्या पिशवीमुळे माझ्या डोक्यात बसला. त्यानंतर मी जे वाचले, फौजदारी काम करणाऱ्या वकिलांना जे विचारले आणि कागदांत जे पाहिले, ते येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी एक उलटे वाटणारे काम करावे लागते. सांगड घालायची असेल, तर प्रत्येक मृत्यू आधी सुटा करून, बाकीचे मृत्यू घडलेच नाहीत असे समजून तपासावा लागतो. माणूस कशाने मेला, साधारण कधी मेला, सापडला तिथेच मेला की नंतर आणून टाकला, आणि ते मरण अपघात, आत्महत्या की खून, ही उत्तरे त्या एका प्रेतातून आणि त्या एका जागेतून आली पाहिजेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली जी चौकशी होत असे, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. कलमाचा आकडा बदलला तरी पंचनामा, शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्याकडे अहवाल हा क्रम तोच आहे. शवविच्छेदनाच्या अहवालात पुष्कळदा 'व्हिसेरा राखून ठेवला असून मत राखून ठेवले आहे' एवढेच वाक्य असते. जठर व त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड हे संपृक्त मिठाच्या पाण्यात घालून, बरण्यांना लाख लावून प्रयोगशाळेकडे जातात आणि अहवाल यायला महिने लागतात. तेवढ्या महिन्यांत गावाने आपला निकाल देऊन टाकलेला असतो.

विहिरीतल्या मृत्यूचे तर आणखी अवघड असते. फुप्फुसांची स्थिती, श्वासनलिकेतला फेस आणि गरज पडल्यास हाडाच्या मगजात सापडणारे पाण्यातले सूक्ष्म शैवाल यांवरून डॉक्टर फार तर एवढे सांगू शकतो, की माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. तो पाय घसरून पडला, स्वतः उडी घेतली की कोणी ढकलले, हे शरीर सांगत नाही. ते काठावरच्या खुणांनी, नखांतल्या मातीने, शेवटचे कोणी पाहिले त्याच्या जबाबाने ठरायचे असते.

यानंतर साम्याचा विचार. दोन मृत्यू सारखे दिसतात म्हणजे काय, याचे उत्तर त्या भागात काय सर्रास घडते यावर अवलंबून असते, आणि ही गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात. ऊस, तंबाखू आणि भाजीपाल्याच्या आमच्या पट्ट्यात प्रत्येक घराच्या वळचणीला कीटकनाशकाची बाटली असते आणि शिवारात विहीर असते. दोन माणसे औषध पिऊन मेली, हे साम्य म्हणून जवळजवळ शून्य किमतीचे आहे. (औषध या शब्दाबद्दल जाता जाता सांगतो. आमच्याकडे 'औषध प्याला' म्हणजे कीटकनाशक प्याला. उत्तर कर्नाटकातल्या बोलीत फवारणीच्या औषधाला 'एण्णी', म्हणजे तेल, म्हणतात आणि दारूलाही तोच शब्द चालतो. 'एण्णी प्याला होता' असा जबाब समोर आला, की मी पेन खाली ठेवून वकिलाला फोन लावतो.) याउलट, १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांसह दहा जणांचे खून झाले, तेव्हा नायलॉनच्या दोरीने गळा आवळण्याची रीत घराघरांतून पुन्हा पुन्हा दिसत होती. असे मरण त्या शहरात रोज येत नव्हते, म्हणून त्या साम्याला वजन होते. साम्य जितके दुर्मीळ, तितके ते बोलके.

त्यातही एक फरक करावा लागतो. काही गोष्टी मारणारा सोयीसाठी करतो, जसे रात्रीची वेळ, तोंड बांधणे, मोटारसायकल. त्या तो अनुभवाने बदलतो आणि हजार गुन्हेगारांत त्या सारख्या असतात. काही गोष्टी काम साधण्यासाठी गरजेच्या नसतात, तरी तो त्या करतोच. तपास करणारे या दुसऱ्या प्रकाराला जास्त मान देतात. माझ्या मते मात्र दोन्हींपेक्षा भक्कम धागा वस्तूचा असतो, कारण वस्तूला स्वभाव नसतो आणि ती ठरवून खोटे बोलत नाही.

वस्तूच्या धाग्याचे उदाहरण आमच्या महामार्गावरच आहे. बेळगावहून उत्तरेला निघाले की कोल्हापूर लागते आणि दक्षिणेला निघाले की धारवाड. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते वारले. कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडमध्ये त्यांच्या घराच्या दारात मारले गेले, आणि पत्रकार गौरी लंकेश यांना ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत. चारही ठिकाणी मोटारसायकल, चारही ठिकाणी ७.६५ मिलिमीटरच्या गोळ्या. लोकांनी चौघांची नावे एका दमात घ्यायला सुरुवात केली ती त्यांच्या विचारांमुळे; पण विचारांचे साम्य तपासाला दिशा देऊ शकते, पुरावा देऊ शकत नाही. ७.६५ चे गावठी पिस्तूलही देशात अनेकांकडे सापडते, तेव्हा नुसत्या मापावरूनही काही ठरत नाही.

ठरले ते पितळी पुंगळ्यांवरून. पिस्तुलाचा घोडा ओढला की आतली सुई काडतुसाच्या बुडावर आदळून खळगा पाडते, स्फोटाच्या दाबाने पुंगळी मागच्या पोलादी भिंतीवर दाबली जाते आणि त्या भिंतीवरचे कानशीचे ओरखडे पितळेवर उमटतात. पुढे पुंगळी ओढून बाहेर फेकणारा आकडाही आपली खूण सोडतो. प्रयोगशाळेत तुलना करण्याच्या सूक्ष्मदर्शकाला दोन बैठका आणि एकच नेत्रिका असते. डावीकडे एका शहरातली पुंगळी, उजवीकडे दुसऱ्या शहरातली, आणि डोळ्यासमोर मधोमध एका बारीक रेषेने विभागलेली दोन अर्धी चित्रे. तज्ज्ञ एक पुंगळी हळूहळू फिरवत जातो आणि एका जागी डावीकडचे ओरखडे रेषा ओलांडून उजवीकडे सलग चालू राहिलेले दिसतात, किंवा दिसत नाहीत. गावठी पिस्तुलाची नळी ओबडधोबड असल्याने गोळीवरच्या खुणा दर वेळी थोड्या बदलू शकतात. पण हाताने कानस मारून बनवलेली सुई आणि भिंत कारखान्यातल्या मालासारखी एकसारखी नसते, म्हणून अशा हत्याराची पुंगळी उलट अधिक ओळखू येण्याजोगी ठरू शकते. प्रत्यक्ष हत्यार हाती असण्याचीही गरज नसते. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर एकाच गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, असा प्रयोगशाळेचा अहवाल गौरी लंकेश खटल्यातल्या तपासाचा भाग झाला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने कलबुर्गींचा तपासही त्याच विशेष पथकाकडे दिला.

असे असले तरी हा धागा कुठवर पोहोचतो, हे नीट पाहायला हवे. एकच पिस्तूल वापरले गेले, एवढे पितळ सांगते. ते एकाच हातात होते, असे ते सांगत नाही. हत्यार विकले जाते, उसने दिले जाते, पुरून ठेवले जाते. पुणे आणि कोल्हापूरच्या खुनांबाबत वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मतांत मेळ बसेना, तेव्हा लंडनच्या स्कॉटलंड यार्डचे मत घेण्याची खटपट झाली आणि कायदेशीर करार नसल्याने ती फसली. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला, त्यात गोळ्या झाडणारे दोघे दोषी ठरले आणि तिघे सुटले. बाहेर आपण चार खुनांची एक माळ करून टाकलेली असली, तरी न्यायालयात प्रत्येक मणी वेगळा सिद्ध करावा लागतो आणि त्यामधला दोराही.

सांगड घातली जाऊ नये अशी सोय कधी कधी नकाशाच करून ठेवतो. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला मोहनकुमार, ज्याला पुढे 'सायनाइड मोहन' हे नाव पडले, गरीब घरच्या, लग्न रखडलेल्या मुलींना लग्नाचे वचन देऊन दूरच्या शहरात नेई, सकाळी बसस्थानकावर गर्भ राहू नये म्हणून एक गोळी देई आणि ती स्वच्छतागृहात जाऊन घ्यायला सांगे. मडिकेरी, हासन, म्हैसूर, बेंगळुरू अशा ठिकाणी आतून कडी लावलेल्या स्वच्छतागृहांत मृतदेह सापडत गेले. प्रत्येक ठाण्यात एक अनोळखी स्त्री आणि एक यूडीआर. गावात मात्र त्यांची नोंद 'बेपत्ता' अशी, किंवा तीही नाही. मेलेली एका जिल्ह्यात, हरवलेली दुसऱ्या जिल्ह्यात, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधीच येत नव्हते. २००९ मध्ये बंटवाळकडची एक तरुणी नाहीशी झाली आणि तिच्या समाजाचे लोक हट्टाने पोलिसांच्या मागे लागले, तेव्हा फोनच्या नोंदी काढल्या गेल्या आणि एका बेपत्ता मुलीच्या फोनवरून दुसऱ्या बेपत्ता मुलीच्या फोनपर्यंत वाट निघाली. शेवटी प्रकरणे वीस झाली. वीसही खटले स्वतंत्रपणे चालले. पहिल्या शिक्षा २०१३ च्या डिसेंबरमध्ये झाल्या आणि विसाव्या खटल्याचा निकाल २०२० मध्ये लागला.

एका राज्याच्या आत जर हे घडते, तर हद्दीवरच्या शिनोळी गावाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक मृत्यू झाल्यावर काय होत असेल? ठाण्यांना जोडणारी संगणकव्यवस्था आहे. नाव, गाडीचा नंबर, कलम ती शोधून देते. पण दोरीची गाठ कशी होती, दार कोणत्या बाजूने लोटलेले होते, ही मजकुराची माहिती एकीकडे कन्नडमध्ये आणि दुसरीकडे मराठीत लिहिलेली असते, आणि दोन्ही वाचू शकणारा माणूस बहुधा माझ्यासारखा पानामागे पैसे घेणारा असतो.

पूर्वी घडलेल्या सारख्या घटना आजच्या खटल्यात सांगता येतात का, हा कायद्याचा जुना प्रश्न आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १५, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३ झाले आहे, म्हणते की कृत्य अपघाती की हेतुपूर्वक असा प्रश्न असेल, तर ते सारख्या घटनांच्या मालिकेचा भाग होते ही बाब दाखल करता येते. कायद्यानेच दिलेले उदाहरण मला फार आवडते: विम्याच्या पैशासाठी घर जाळल्याचा ज्याच्यावर आरोप आहे, तो याआधी एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येक घराचा त्याने विमा उतरवला, प्रत्येक घराला आग लागली आणि प्रत्येक वेळी त्याने वेगळ्या कंपनीकडून पैसे घेतले. इंग्लंडमध्ये जॉर्ज जोसेफ स्मिथची प्रकरणे याच वाटेने उलगडली. १९१२, १९१३ आणि १९१४ मध्ये तीन वेगवेगळ्या गावांत त्याच्या तीन नवपरिणित बायका न्हाणीच्या टबात बुडून मेल्या; पहिल्या दोन अपघात ठरल्या. तिसरीची बातमी वर्तमानपत्रात आली, ती दुसरीच्या बापाने वाचली आणि पोलिसांना कळवले. १९१५ मध्ये खटला चालला तो पहिलीच्या खुनाचा. बाकी दोघींचे मरण पुरावा म्हणून पुढे आले.

मात्र हीच युक्ती उलटी फिरली, तर निरपराध माणूस चिरडला जातो. इंग्लंडमध्येच सॅली क्लार्क या बाईची दोन तान्ही बाळे, १९९६ मध्ये एक आणि १९९८ मध्ये दुसरे, अचानक दगावली. एका नामवंत डॉक्टरने न्यायालयात सांगितले, की अशा घरात एक बाळ आपोआप दगावण्याची शक्यता ८,५४३ त एक, तेव्हा दोन दगावण्याची त्याच आकड्याला त्यानेच गुणून सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये ती दोषी ठरली. गुणाकार बरोबर होता, फक्त तो करण्याचा अधिकार नव्हता. एकाच आईबापांच्या, एकाच घरातल्या दोन मुलांचे मरण म्हणजे दोन सुटी नाणी नव्हेत. शिवाय आईने दोन मुले मारणे हेही तितकेच विरळ असते, हे कोणी मोजले नाही. २००३ मध्ये ती सुटली. आमच्याकडे हा गुणाकार आकड्यांनी होत नाही; 'एकाच घरात सहा महिन्यांत तिघे?' असा प्रश्न येतो आणि कुणाच्या तरी करणीवर जाऊन थांबतो. पद्धत तीच.

आता त्या पिशवीकडे. प्रथम अमावास्या पाहू म्हणून मी भिंतीवरची दिनदर्शिका काढली. एक तारीख अमावास्येची निघाली, दुसरी तिच्या दुसऱ्या दिवसाची, तिसरी चार दिवस लांबची. आणि तिन्ही तारखा नोंदीच्या होत्या, मरणाच्या नव्हत्या. अमावास्येची जी होती, तीच विहिरीतली, आणि त्या बाईला शवविच्छेदनाच्या वेळी मरून दोनेक दिवस झाले असावेत असे डॉक्टरने लिहिले होते.

मला अस्वस्थ केले ते दुसऱ्या गोष्टीने. विहिरीच्या पंचनाम्यात 'मृताच्या चपला बाजूला व्यवस्थित ठेवलेल्या आढळल्या, झटापटीच्या खुणा नाहीत' असे वाक्य होते. उसातल्या तरुणाच्या पंचनाम्यातही तेच वाक्य होते, शब्दन् शब्द. दोन मृत्यू आणि दोन्हीकडे नीट मांडलेल्या चपला: खरे सांगतो, अंगावर काटा आला. हेच ते, गरज नसताना केलेले कृत्य, असे वाटून गेले. मग दिसले की दोन्हीकडे 'व्यवस्थित' या अर्थाच्या कन्नड शब्दात एकच अक्षर चुकले आहे. मी तरुणाचा शवविच्छेदनाचा अहवाल उघडला. प्रेतावरच्या वस्तूंच्या यादीत बनियन, हाफ पँट, करगोटा आणि चौथ्या ओळीत 'डाव्या पायात रबरी चप्पल, एक' असे होते. बाजूला व्यवस्थित ठेवलेली चप्पल दवाखान्यात प्रेताच्या पायात येऊ शकत नाही. साम्य मारणाऱ्याचे नव्हते, लिहिणाऱ्याचे होते. जुन्या फाईलमधला मजकूर नव्या फाईलवर उतरवला गेला होता, चुकीसकट. आणि याचा अर्थ असाही होतो, की त्या उसात झटापटीच्या खुणा होत्या की नव्हत्या, हे आता कोणालाच ठाऊक नाही.

अनुवादकाने मूळ सुधारायचे नसते. दोन्ही पंचनामे मी जसेच्या तसे मराठीत उतरवले, चुकलेल्या अक्षरापाशी 'मूळ प्रतीत असेच' असे लिहिले, आणि शवविच्छेदनाच्या यादीतल्या चौथ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ती वकिलांना दाखवली. वकिलांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली आणि विहिरीच्या मूळ फाईलमधले फोटो मागवण्यासाठी अर्ज करायला सांगितले. व्हिसेऱ्याचे अहवाल नंतर आले: तरुणाच्या जठरात फवारणीचे औषध, बाईच्या व्हिसेऱ्यात विष नाही. म्हाताऱ्याच्या जखमा वाहनाच्या धडकेशी जुळणाऱ्या होत्या. वाहन मिळालेले नाही.

ते गृहस्थ अनुवाद न्यायला आले, तेव्हा मी त्यांना चपलेची ओळ बोटाने दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग विचारले, "म्हणजे, काका, तिघं वेगवेगळी गेली म्हणायचं?" मी म्हटले, एवढ्यावरून तसेही म्हणता येत नाही. त्यांनी कागद पिशवीत घातले, चंदगडच्या ठाण्यात द्यायला आणखी एक संच काढून ठेवा असे सांगितले, आणि त्या संचाचे पैसे आधीच मोजून दिले.